पिवळी राहिलेली पट्टी

साखरखेर्ड्याच्या बाजाराचा दिवस होता आणि गुरांच्या मैदानावर दीडदोनशे माणसं तोंड मिटून उभी होती. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे तोंड मिटून कोणी उभं राहत नाही, म्हणून मी खडूची पेटी बगलेत तशीच धरून गर्दीत घुसलो. पाहतो तर प्रत्येकाच्या ओठांतून बोटभर पिवळी चिंधी बाहेर लोंबत होती. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या तोंडात चिंध्या. मध्ये खाटेवर भगवी कफनी घातलेला एक धट्टाकट्टा माणूस मोरपिसांचा जुडगा हलवत होता.

"बोलू नका! गिळू नका! कोनी चूळ भरून आला असंल तं बाजूले व्हा, पान्यानं माय वाहून जाते!"

लोक त्याला कंठीबाबा म्हणत. कुठून आला होता, कोणाला ठाऊक नव्हतं. बोलणं अर्धं आमचं आणि अर्धं हिंदी, आणि आपल्या देवीला तो नुसतं माय म्हणे.

"हे फडकं नाही बाप्पा, हा मायचा डोळा हाये! डाक्टरच्या नळीले छातीतली धकधक ऐकू येते. पन गळ्यात उद्या काय उगवनार, ते त्याच्या नळीले ऐकू येते का? बोलो! नहीं आता! मायले आजच दिसते. ज्याची पट्टी पिवळी, तो मोकळा. ज्याची लाल, त्याच्या गळ्यात काटा. आज सुईएवढा, वरसानं बाभळीएवढा. मंग घास उतरनार नाही, पानी उतरनार नाही!"

हे ऐकताना लोकांच्या अंगावर काटा येई, आणि त्याला कारण होतं. त्याच वर्षी गावातले दोन जण घास उतरेनासा होऊन गेले होते. एक शिंपी आणि एक गाडीवान. गाडीवान एका हातानं बैलाचं शिंग धरून जनावर जागच्या जागी थांबवणारा माणूस, शेवटी चमच्यानं पाणी घेत होता आणि तेही उलटून पडत होतं. सगळ्या गावानं ते पाहिलं होतं. बाबाला भीती तयार करावी लागली नाही. ती आधीच घरोघर होती, त्यानं फक्त मैदानावर दुकान मांडलं.

"काढा!" बाबा ओरडला. पट्ट्या बाहेर आल्या. बऱ्याच पिवळ्याच होत्या. पण काही लाल झाल्या होत्या, चांगल्या कुंकवासारख्या लाल. आमचे सरपंच पुंजाजी हातातल्या पट्टीकडे बघत मटकन खालीच बसले.

बाबानं त्यांची मान वर केली, मोरपीस गळ्यावरून तीनदा फिरवलं, "निकल! निकल, सुवर!" असं कोणाला तरी दरडावलं आणि पितळी ताटलीत टण्णकन काहीतरी पडलं. बाभळीचा काटा होता. बायांनी हात जोडले.

"मुळी अजून आत हाये," बाबा म्हणाला. "एकवीस दिवस पथ्य. तंबाखू नाही, पान नाही, चुना नाही. दूध, तूप, मऊ भात. एकविसाव्या दिवशी मायले पुन्हा इचारू."

माझी थोरली बहीण मनकर्णा आणि भाऊजी रंगराव रांगेत उभे होते, ते मला तेव्हा दिसले. अक्काचं सासर याच गावचं. त्यांचा भाजीचा मळा होता, वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि माझी बदली या गावच्या शाळेत झाल्यापासून मी तिच्याच घरी दोन वेळा जेवत होतो. भाऊजींची पट्टी लाल आली. भाऊजी पांढरेफटक पडले. अक्काची पट्टी पिवळी होती, हळद लावल्यासारखी स्वच्छ पिवळी.

"माय, तुहा गळा गंगेवानी हाये," बाबा तिला म्हणाला. "तुले या जन्मात धोका नाही. जाय, घरी जाऊन पोटभर जेव."

अक्कानं पदरानं डोळे पुसले. नवऱ्याची पट्टी लाल आली म्हणून रडते आहे, असं मला वाटलं. आज वाटतं, ती सुटकेनं रडत होती.

पुढचे एकवीस दिवस भाऊजींनी तंबाखूला हात लावला नाही. तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी त्यांनी अक्काच्या हवाली केली. पहिले आठ दिवस ते बैलांवर ओरडत होते, विहिरीवर ओरडत होते, माझ्यावरही ओरडले. पण निभावलं. एकविसाव्या दिवशी त्यांची पट्टी पिवळी आली, तरी धाकानं त्यांनी तंबाखू पुढंही बंदच ठेवली. पुंजाजींची पिवळी आली. लाल आलेल्या जवळजवळ सगळ्यांचीच पिवळी आली. मग काय विचारता! मेहकरकडून, देऊळगावकडून, यष्टीच्या टपावर बसून माणसं यायला लागली. मैदानावर मांडव पडला. सरकारी दवाखान्यात डॉ. सावजी एकटे वर्तमानपत्र वाचत बसलेले दिसत.

"तुम्ही काही बोला ना," मी त्यांना म्हणालो.

"काय बोलू, मास्तर? परवा एकाला म्हणालो, घसा दाखव. तो म्हणाला, पट्टी पिवळी आहे. वर माझीच कीव केल्यासारखं बघून गेला."

मी घरी भाऊजींशी वाद घालत होतो.

"भाऊजी, गळ्यात काटा असता तर तुम्ही एवढी वर्षं ज्वारीची भाकर कशी खाल्ली असती?"

"तो दिसनारा काटा नाही ना, मास्तर. तो पुढं व्हनारा काटा हाये."

"मग ताटलीत टण्णकन वाजला तो कोणता?"

"तुमच्यासंगं बोलनंच खोटं हाये," असं म्हणून ते उठून जात.

पट्टी लाल कशी होते, ते मला कळत नव्हतं, खरं सांगतो. बाबाकडे दोन प्रकारच्या पट्ट्या असाव्यात, असा माझा कयास होता. म्हणून मी एकदा रांगेत उभा राहिलो. माझी पिवळीच आली. मी ती परत टाकली नाही, हळूच खिशात घातली. रोज संध्याकाळी काढून बघायचो. साधं मांजरपाट, साधी हळद.

या सगळ्या दिवसांत अक्का भाकरी दुधात कुस्करून खात होती. दुधात भिजवायची, वर पाणी घ्यायची, मग पुढचा घास. एकदा मी विचारलं, "अक्का, हे काय पोरासारखं?"

"दाढ दुखते रे," ती म्हणाली.

मी मान हलवली आणि पुन्हा पट्टीकडे बघत बसलो.

पुढं मार्गशीर्ष सरता सरता एका रविवारी मी मळ्यात गेलो होतो. अक्का विहिरीच्या दगडावर धुणं धूत होती. पुतण्याच्या हळदीत भिजलेलं भाऊजींचं धोतर होतं. तिनं त्याला साबण लावला आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला. मी हजार वेळा पाहिलेली गोष्ट. कोणत्या घरात पाहिलेली नसते? पण मी तिथंच उभा राहिलो.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं आणि हातातला साबण खाली ठेवला.

"शालिग्राम, ते चिंधुक हाये का तुह्याजवळ? आन इकडं."

मी पट्टी काढून दिली. तिनं खोपटात जाऊन भाऊजींची चुन्याची डबी आणली. बोटाच्या टोकावर चुना घेतला, पाण्यात कालवला आणि पट्टीवर टेकवला. लालभडक! पुंजाजींच्या पट्टीसारखीच.

"अगं माय!" ती म्हणाली. "आमची आजी असंच तं कुकू करे! हळद अन् चुना! माह्या ध्यानात कसं नाही आलं?"

मी दगडावर बसलो आणि हसायला लागलो. तीही हसली, हसता हसता खोकली, पाणी प्यायली. आता सगळं सरळ होतं. तंबाखूला चुना लावून गालात धरणारा माणूस, त्याच्या थुंकीत चुना. पान खाणाऱ्या बाईच्या थुंकीत चुना. चूळ भरू देत नाही, कारण चूळ भरली की चुना जातो. एकवीस दिवस तंबाखू, पान, चुना बंद, की थुंकी साधी. पट्टी पिवळी राहणार नाही तर काय होणार? मायचा डोळा म्हणे! त्या डोळ्याला फक्त चुना दिसत होता.

पुढच्या बाजाराला मी मांडवात गेलो. सोबत डॉ. सावजी होते, अक्का होती, आणि "तमाशा नका करू" असं म्हणत भाऊजीही होते. बाबाचं बोलणं रंगात आलं होतं. मी पुढे जाऊन म्हणालो, "महाराज, माझी मायला एक विचारणा आहे."

"इचार बेटा, माय सबकी है!"

त्यानं पट्टी दिली. मी तोंडात धरली, काढली, लोकांना दाखवली. पिवळी. मग खिशातून डबी काढली, तंबाखू चुन्यात मळली आणि गालात धरली. जन्मात कधी खाल्ली नव्हती, डोकं गरगरलं. दुसरी पट्टी मागितली. बाबाचा हात थांबला. आता त्याला कळलं होतं. पण पुंजाजीच म्हणाले, "द्या ना महाराज, मास्तरले बी काटा हाय का ते पाहू द्या." पट्टी तोंडात गेली आणि बाहेर आली तेव्हा लाल होती.

"आता एवढ्यात माझ्या गळ्यात काटा कुठून आला?" मी थुंकून विचारलं.

"ये तो कलियुग का असर है! देवाची परीक्षा घेनाऱ्याले माय..."

"थांबा, पुढं बघा." मी लोकांकडे वळलो. एका बाईकडून चिंच मागून घेतली, पाण्यात कोळली आणि लाल पट्टी त्यात बुडवली. ती परत पिवळी झाली. "एकवीस दिवस लागत नाहीत. चिंचेचं पाणी पुरतं. ज्यांची पट्टी लाल आली, त्यांनी आठवा. त्या दिवशी तंबाखू किंवा पान यांतलं काहीच खाल्लं नव्हतं, असं कोणी आहे? एक हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मग मागून कोणीतरी हसलं, आणि ते हसू मांडवभर पसरलं. डॉक्टरांनी मोरपिसांचा जुडगा उचलून झटकला तेव्हा देठांतून मेणानं चिकटवलेले तीन काटे खाली पडले. बाबानं कोणाला शाप दिला नाही, की आकांडतांडव केलं नाही. त्यानं कफनीवर शाल घेतली, ताटली पिशवीत घातली आणि दुपारच्या यष्टीनं निघून गेला. ज्याच्या पायाचं तीर्थ लोक सकाळी घेत होते, त्याला आता बसायला जागा द्यायला कोणी सरकलं नाही, असं मागाहून कंडक्टरनं सांगितलं.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. पुंजाजींनी गुलाल आणवला. पोरं "मास्तर, मास्तर" ओरडत होती. भाऊजी ओशाळून हसले, म्हणाले, "दोन महिने फुकट उपाशी ठेवलं ना त्यानं मले!" आणि अक्काकडे हात पसरला. अक्कानं चंची काढून दिली.

आम्ही दोघं बहीणभाऊ मागून चालत होतो. मी अजून बोलत होतो, चुन्याविषयी, चिंचेविषयी. ओढा ओलांडल्यावर अक्का थांबली.

"शालिग्राम, एक सांग. लाल पट्टी खोटी, तं पिवळी बी खोटीच ना मंग?"

"हो, सगळंच खोटं."

"म्हंजे माही पिवळी आली, त्याचाही काही अर्थ नाही."

"काहीच नाही. तू तंबाखू खात नाहीस, म्हणून..." मी बोलता बोलता थांबलो.

ती बांधावर बसली. हात पोटाशी घेतले.

"माही दाढ नाही दुखत रे. पोळ्याच्या आंधीपासून घास अडकते. इथी." तिनं छातीच्या मध्ये बोट ठेवलं. "पयले भाकर अडकली. मंग पोळी. आता भात बी पान्यासंगं उतरवा लागते. त्या बाजाराच्या दिवशी मी घरातून दवाखान्यात जायले निघाली व्हती. तुह्या भाऊजीले बी नाही सांगितलं. वाटेत बाबाची गर्दी दिसली, हे बी तिथीच रांगेत उभे व्हते. म्हटलं, आंधी मायले इचारू. पट्टी पिवळी आली. बाबा म्हने, पोटभर जेव. मले एवढं मोकळं वाटलं, का मी तशीच घरी आली."

गुलाल माझ्या कपाळावर होता. सगळ्या गावाला माझ्यामुळं दिलासा मिळाला होता, आणि माझ्या बहिणीकडे जो एक होता तो मी काढून घेतला होता. खोटा होता, तरी तिच्याजवळ तेवढाच होता.

डॉ. सावजींनी तिला त्याच संध्याकाळी तपासलं. फार विचारलं नाही. वजन विचारलं, ते कोणी कधी केलंच नव्हतं. चोळ्या सैल झाल्यात का, विचारलं. अक्का म्हणाली, "हाव, दोन टिपा घातल्या." डॉक्टरांनी अकोल्याच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहिली.

मेहकरहून गाडी बदलून आम्ही अकोल्याला गेलो. तिथं तिला खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायला देऊन फोटो काढले. परत आल्यावर डॉ. सावजींनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पांढरा प्रवाह वरून रुंद उतरत होता आणि मध्येच उंदरानं कुरतडल्यासारखा होऊन दोऱ्याएवढा झाला होता.

"ही अन्ननलिका. इथं गाठ आहे. कॅन्सर," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "नागपूरला दाखवा. मी ओळखीच्या सर्जनना पत्र देतो."

"दोन महिने आधी आलो असतो तर?"

"मास्तर, तुम्हाला बरं वाटेल असं सांगू, की खरं सांगू?"

"खरं."

"मला माहीत नाही. घास अडकायला लागतो तेव्हा निम्म्याहून जास्त वाट बुजलेली असते. गाठ त्याच्याही कितीतरी आधी सुरू झालेली असते. दोन महिन्यांनी फरक पडला असता. किती, ते सांगता येत नाही."

"मग आधी कळायला तुमच्याकडे काहीच नाही? रक्तात? थुंकीत?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला.

"नाही. त्याचीच मला चीड येते. त्या भामट्यानं लोकांना नेमकं तेच विकलं, जे आम्हाला हवं आहे आणि आमच्याकडे नाही. रोग बाहेर पडण्याआधी ओळखता यावा, अशी खूण. मासिकांत वाचतो, मोठ्या प्रयोगशाळांत लोक शोधत आहेत. गाठीतल्या पेशी निराळी प्रथिनं तयार करतात, ती रक्तात उतरत असावीत, ती सापडली तर आधी कळेल. कदाचित वीस वर्षांनी, कदाचित पन्नास वर्षांनी. आज माझ्या टेबलावर जीभ दाबायची काठी आहे, टॉर्च आहे, ही नळी आहे आणि तुमची बहीण आहे."

"पण तिनं तर कधी तंबाखू खाल्ली नाही!"

"तेही मला सांगता येत नाही. तंबाखू खाणाऱ्यांत हा रोग जास्त दिसतो, एवढं नक्की. न खाणाऱ्यांना होत नाही, असं नाही."

नागपूरच्या सर्जननी तिला आठ दिवस ठेवून घेतलं आणि आठव्या दिवशी भाऊजींना नि मला बोलावून सांगितलं, की गाठ मागच्या रक्तवाहिनीला चिकटली आहे, कापता येणार नाही. विजेचा शेक, म्हणजे किरणांचे उपचार, देता येईल, त्यानं काही दिवस पाणी उतरेल. शेक दिला. पाणी उतरायला लागलं. अक्कानं त्या दिवशी चहा मागितला आणि अख्खी कपबशी प्यायली. भाऊजी व्हरांड्यात जाऊन रडले. त्यांना वाटलं, बरी झाली.

आम्ही तिला घरी आणलं तोवर गावात दुसरंच उगवलं होतं.

"मास्तरनं बाबाले हाकललं, मायनं त्याच्याच बहिनीच्या गळ्यात काटा घातला."

मी ते पहिल्यांदा ऐकलं आमच्याच शाळेच्या आवारात, पाणी भरणाऱ्या बाईच्या तोंडून. मग दुकानात. मग पारावर. ज्या लोकांनी चिंचेच्या पाण्यात पट्टी पिवळी होताना डोळ्यांनी पाहिली होती, तेच हे बोलत होते. मी प्रत्येकाला धरून सांगत होतो, की तिला आधीपासून त्रास होता, पोळ्याच्या आधीपासून, तेव्हा बाबा या तालुक्यातसुद्धा आला नव्हता. ते ऐकून घेत. "हाव मास्तर, हाव," म्हणत. त्यांच्या नजरेत माझी दया असे.

अक्काच्या कानावर ते गेलंच. तिला पाहायला येणाऱ्या बायांनीच नेलं. एक म्हातारी तिच्या उशाशी बसून म्हणाली, "बाबाची माफी मांग पोरी. भावाले मांगाले लाव." अक्कानं मान हलवली. तिला बोलायचं होतं. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. पण माघ संपता संपता तिचा आवाज गेला होता. गाठ आवाजाच्या नसेपर्यंत गेली, की असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नुसती हवा बाहेर येत होती. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "पाह्य, आवाज बी नेला मायनं."

मी अक्काच्या तोंडाशी कान नेला. ती म्हणत होती, "आंधीच. आंधीपासून. सांग तिले." मी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "भाऊ हायेस, तू असंच सांगशीन."

अक्काला लिहिता येत नव्हतं. मी गावोगावच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली, माझ्या बहिणीला शिकवली नाहीत. तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट तिला सगळ्यांना सांगायची होती, आणि ती सांगायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

चैत्रात ती गेली. शेवटचे चार दिवस कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करत होतो, तेवढंच.

तेरवीला सगळा गाव आला. पंगत उठल्यावर पुरुष मळ्यातल्या आंब्याखाली बसले. कुजबूज चालली होती. आवाज खाली होता, शब्द मात्र कळत होते. माझ्यानं राहवलं नाही. मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ठरवलेलं नव्हतं. मी तारखा सांगितल्या. घास कधी अडकायला लागला, बाबा कधी आला, पट्टी कधी घेतली, चोळीला टीप कधी घातली. लोक ऐकत होते, पण तेच, दयेनं.

तेव्हा भाऊजी बोलले. बसल्या जागेवरून, कोणाकडे न बघता.

"पोळ्याच्या दिवशी," ते म्हणाले, "म्या बैल धुऊन आलो. ती चुलीपाशी जेवून राह्यली व्हती. पुरनाचा घास तोंडात घातला, अन् उठून मोरीत गेली. म्या दारातून पाह्यलं. तिनं घास थुंकला, भिंतीले हात लावून उभी राह्यली. मंग पदरानं तोंड पुसलं अन् मले हासून म्हने, वाढू का? म्या म्हटलं, वाढ." ते थांबले. "म्या इचारलं नाही. म्या जेवलो. बाबा तं कार्तिकात आला."

पुंजाजी जमिनीकडे बघत होते. कोणी मान्य केलं, असं म्हणत नाही. पण त्या दुपारी काट्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. थोड्या वेळानं भाऊजींनी सवयीनं चंची काढली, तंबाखू हातावर घेतली. मी म्हणालो, "भाऊजी, काटा खोटा होता. तंबाखूचा धोका खोटा नाही. डॉक्टर सांगत होते." त्यांनी हातावरच्या तंबाखूकडे पाहिलं.

"मास्तर, तवाच काऊन नाही सांगितलं?"

मांडवात, गुलाल उधळताना, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. चुन्यानं हळद कशी लाल होते, एवढंच सांगून मी खूश होतो. त्यांनी ती तंबाखू खाल्ली की टाकली, ते मी पाहिलं नाही. मी उठून गेलो.

आठ दिवसांनी अन्नपूर्णाबाई नावाची मळ्याशेजारची बाई शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, मले बी घास पान्यासंगं उतरवा लागते. दोन महिने झाले. घरी नाही सांगितलं. तुम्ही येता का संगं?" मी वर्ग सोडून तिच्यासोबत गेलो. डॉक्टरांनी तिची नखं पाहिली, पापणीची आतली कडा पाहिली, अकोल्याहून फोटो काढून आणायला लावला. तिला गाठ नव्हती. अंगात रक्त फार कमी होतं; त्यानंही घास अडकतो, आणि फार दिवस अंगावर काढलं तर पुढं तिथं गाठही धरू शकते, असं डॉक्टर म्हणाले. लोहाच्या गोळ्यांवर दीड महिन्यात तिचा घास सरळ उतरायला लागला. ती आजही भेटली की पाया पडायला वाकते. मी मागे सरकतो. आणि दर वेळी मनात येतं, अक्काही कधीकाळी अशीच, नुसत्या गोळ्यांवर परत फिरण्याजोगी असेल का? डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कळायला मार्ग नाही."

म्हणून हे लिहिलं आहे. तुमच्या गावात कोणी उद्याचा रोग आज दाखवतो म्हणाला, तर त्याला विचारा, कसा दाखवतो, पाण्यानं चूळ भरून दाखवतो का, डॉक्टरच्या समोर दाखवतो का. डॉक्टर "माहीत नाही" म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यापासून जपा. तंबाखू सोडा, कोणत्याही मायच्या भीतीनं नको, तुमच्या घशासाठी सोडा. आणि घरातलं माणूस घास पाण्यासोबत उतरवताना दिसलं, तर पंधरा दिवसांच्या वर थांबू नका. दाढ दुखते असं म्हणालं तरी आणखी एकदा विचारा.